तलकाडच्या वाळूत रडारला काय दिसेल?

म्हैसूरहून टी. नरसीपूरमार्गे सुमारे ४५ किलोमीटर गेलं की कावेरीच्या डाव्या काठावर तलकाड लागतं. एके काळी ही गंग राजांची राजधानी. पुढे ती चोळांनी घेतली आणि चोळांकडून होयसळ राजा विष्णुवर्धनाने. आज तिथे पाऊल टाकलं की वाळूत रुततं. पाताळेश्वर, मरुळेश्वर ही देवळं पाहायची तर खाली उतरून जावं लागतं, कारण देवळं आपल्या जागी आहेत आणि भोवतालची वाळू वर चढली आहे.

लोककथा याचं कारण शापात सांगते. १६१० मध्ये राजा वडेयरांनी श्रीरंगपट्टण घेतलं, तेव्हा तिथल्या विजयनगरच्या राजप्रतिनिधीची पत्नी अलमेलम्मा हिने नदीत उडी घेताना तलकाड वाळूखाली जाईल, मालंगीला डोह होईल आणि म्हैसूरच्या राजांना मूल होणार नाही, असं म्हटलं, अशी ती कथा. अभ्यासक नदीच्या वळणाकडे, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या पात्राकडे आणि नैऋत्येच्या वाऱ्याकडे बोट दाखवतात. १९९० च्या दशकात इथे उत्खननं झाली, बरंच काही बाहेर आलं. तरी वाळूखाली अजून काय असेल, हा प्रश्न तलकाडला गेलेल्या प्रत्येकाच्या मनात येतोच, आणि त्यावर हल्ली एक ठरलेलं उत्तर मिळतं: ‘रडार फिरवा, लगेच कळेल.’

जमीनभेदी रडार, म्हणजे जीपीआर, हे खरंच उपयोगाचं साधन आहे. पण त्याची लहर मातीत शिरल्यावर काय होतं, हे आधी गणिताने मांडून पाहिल्याशिवाय ते फिरवलं, तर मिळालेल्या चित्रातून चुकीचं काहीतरी वाचलं जाण्याचीच शक्यता अधिक. म्हैसूर जिल्हा हे समजून घ्यायला उत्तम जागा आहे, कारण तासाभराच्या अंतरात इथे नदीची वाळू, तांबडी माती आणि काळी जमीन अशा तिन्ही परी भेटतात.

गैरसमज: रडार म्हणजे जमिनीचा एक्स-रे

एक्स-रेमध्ये हाडाचा आकार दिसतो. जीपीआरच्या पडद्यावर वस्तूचा आकार दिसत नाही. अँटेनाची पेटी जमिनीवरून ओढत नेतात. दर काही सेंटिमीटरवर ती रेडिओलहरीचा एक अगदी आखूड ठोका जमिनीत सोडते. परत आलेला प्रतिध्वनी किती नॅनोसेकंदांनी आला आणि किती जोराचा होता, एवढंच ती नोंदवते.

जमिनीत एक धोंडा आहे असं धरा. पेटी त्याच्या मीटरभर अलीकडे असतानाही त्याचा प्रतिध्वनी येतो, कारण लहर सरळ खाली न जाता सगळीकडे पसरते. मात्र तिरक्या वाटेने यावं लागल्याने तो उशिरा पोचतो. पेटी धोंड्याच्या बरोबर डोक्यावर आली की वाट सर्वांत आखूड होते. पुढे सरकलं की ती पुन्हा लांबते. या सगळ्या वेळा शेजारी शेजारी मांडल्या की मधे उंच आणि दोन्हीकडे उतरती अशी रेघ उमटते. गणितात तिला अपास्त म्हणतात. नळ असो, धोंडा असो, तांब्याची घागर असो, पडद्यावर उमटतो तो अपास्तच. तो कशाचा, हे रेघ सांगत नाही.

गैरसमज: यंत्र भारी असलं की हवं तेवढं खोल दिसतं

खोली ठरवते ती माती. मातीची विद्युतवाहकता जितकी जास्त, तितकी लहर वाटेतच उष्णता होऊन विरते. वाहकता वाढवणाऱ्या गोष्टी तीन: पाणी, त्यात विरघळलेले क्षार आणि चिकणमाती.

आकडे घेऊन पाहू. वस्तू दोन मीटर खोल आहे, म्हणजे लहरीला जाऊन-येऊन चार मीटर चालायचं आहे. तलकाडसारख्या कोरड्या वाळूची वाहकता एक मिलिसीमेन्स प्रति मीटर धरली, तर या प्रवासात लहरीची शक्ती साधारण निम्मी होते. ओलसर तांबड्या मातीला १५ मिलिसीमेन्स धरले, तर ती सुमारे सातशेपटीने घटते. ओल्या काळ्या जमिनीला ५० धरले, तर पस्तीस लाखपटीने. लहर पसरत गेल्यामुळे होणारी घट यात अजून धरलेलीही नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानात, भर पावसाळ्यात, तळघर शोधायला जीपीआर नेणाऱ्याच्या हाती काय लागणार, ते या शेवटच्या आकड्यावरून समजावं. यंत्राची किंमत दुप्पट केल्याने पस्तीस लाखांची भरपाई होत नाही.

१९२९ मध्ये ऑस्ट्रियात याच तत्त्वाने हिमनदीची जाडी मोजली गेली. आज असंच रडार घेऊन ‘पर्सिव्हरन्स’ ही बग्गी मंगळावर फिरते आहे, आणि २०१३ मध्ये चीनची चांगई-३ मोहीम ते चंद्रावर घेऊन गेली. बर्फ आणि चंद्राची धूळ यांत द्रवरूप पाणी नाही. म्हणून हिमनदीचा तळ शोधणं हे काळ्या रानातली विहीर शोधण्यापेक्षा रडारला सोपं जातं.

कमी वारंवारतेचा अँटेना घेतला की लहर अधिक खोल जाते, हे खरं. पण मग तरंगलांबी वाढते आणि लहानसहान वस्तू तिच्या नजरेतून सुटतात. खोली हवी की बारकावा, हा सौदा प्रत्येक ठिकाणी नव्याने करावा लागतो.

गैरसमज: तांबड्या मातीतलं लोह रडारला अडवतं

म्हैसूरभोवतालची तांबडी माती नीस आणि ग्रॅनाइट झिजून झाली आहे. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडांचा, हे बरोबर. पण हेमॅटाइट आणि गोएथाइट ही तिच्यातली मुख्य खनिजं अगदी क्षीण चुंबकीय आहेत, आणि लोखंडी पत्र्यासारखी वीजही वाहून नेत नाहीत. मॅग्नेटाइट किंवा मॅग्हेमाइट भरपूर असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा चुंबकीय गुणधर्मही गणितात धरावे लागतात. एरवी तांबड्या मातीत लहर अडते ती तिच्यातल्या चिकणमातीमुळे आणि ओलीमुळे. रंगावरून निर्णय घेऊ नये.

गैरसमज: पडद्यावरची खोली म्हणजे खरी खोली

यंत्र मोजतं तो वेळ. मीटरमधला आकडा त्याने लहरीचा वेग गृहीत धरून काढलेला असतो. हा वेग मातीच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकावर ठरतो. हवेत हा स्थिरांक १, कोरड्या वाळूत ३ ते ५, आणि पाण्यात तब्बल ८० च्या आसपास. मातीत थोडं पाणी मुरलं तरी सगळा हिशेब बदलतो, तो या ८० मुळे.

कॅनडातल्या टॉप, डेव्हिस आणि अ‍ॅनन यांनी १९८० मध्ये मातीतल्या पाण्याचं प्रमाण आणि हा स्थिरांक यांना जोडणारं एक सूत्र दिलं. ते आजही जगभर वापरतात. त्यात आकडे घालून पाहा. आकारमानाच्या ५ टक्के ओलावा असलेल्या वाळूचा स्थिरांक येतो ३.८५, आणि लहरीचा वेग नॅनोसेकंदाला १५ सेंटिमीटर. ओलावा ३० टक्के झाला की स्थिरांक होतो जवळपास १७, आणि वेग उतरतो सव्वासात सेंटिमीटरवर. आता समजा, प्रतिध्वनी ४० नॅनोसेकंदांनी आला. कोरड्या वाळूत ती वस्तू तीन मीटरवर आहे, ओल्या वाळूत दीड मीटरच्याही आत. पडद्यावरची रेघ दोन्ही वेळा तीच. उत्खननाचं नियोजन आणि खर्च मात्र दुप्पट किंवा निम्मा.

वेग जाणून घेण्याचा एक मार्ग खुद्द अपास्तात आहे. त्याच्या बाजू किती झपाट्याने उतरतात, त्यावरून वेग निघतो. पण त्यासाठी वाटेतली माती एकसारखी असावी लागते. पाऊस पडून गेल्यावर वाफसा येईपर्यंत वरचा वीतभर थर ओला आणि खाली कोरडं, अशी स्थिती असेल, तर अपास्तातून निघालेला वेग हा दोन्ही थरांची सरमिसळ असतो. लहरीचा प्रवास गणिताने मांडून पाहणाऱ्या प्रारूपाची गरज इथून सुरू होते.

गैरसमज: दगड आहे म्हटल्यावर तो दिसणारच

या मुद्द्यापाशी मी जरा जास्त थांबणार आहे. तलकाडच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं तेच आहे, आणि त्याचा विचार सहसा होत नाही.

लहर परत फिरते ती वस्तूच्या कठीणपणामुळे नव्हे. वस्तूचा आणि भोवतालच्या मातीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक यांत फरक असेल, तरच ती परत फिरते. फरक नाही, तर प्रतिध्वनी नाही. काचेची कांडी ग्लिसरीनमध्ये बुडवली की दिसेनाशी होते, त्यातलाच हा प्रकार. ग्रॅनाइटचा स्थिरांक साधारण ४ ते ७ असतो. आपण ६ धरू. कोरड्या वाळूचा ३.८५. म्हणजे कोरड्या वाळूत लहरीची उंची फक्त ११ टक्के परत येते, आणि तीही उलटी होऊन, जिथे माथा असायला हवा तिथे दरी.

आता वाळूत पाणी मुरू लागतं. तिचा स्थिरांक चढत जातो आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास पोचला की तो नेमका ६ होतो. त्या क्षणी वाळू आणि ग्रॅनाइट रडारच्या दृष्टीने एकच होतात. देवळाचा खांब तिथेच आहे, दोन माणसांच्या वजनाचा आहे, आणि पडद्यावर काहीही नाही. ओलावा आणखी वाढून ३० टक्क्यांवर गेला की खांब परत दिसू लागतो. आता उंचीच्या २५ टक्के प्रतिध्वनी येतो आणि तो सुलट असतो. म्हणजे ओल्या वाळूत तो कोरड्यापेक्षा दुपटीहून अधिक ठळक!

हे बारा टक्के काही विरळा घडणारी गोष्ट नाही. नदीकाठी खाली पाण्याची पातळी असते, वर कोरडी वाळू असते. कोरड्यापासून पूर्ण भिजलेल्यापर्यंत जाताना ओलावा मधे कुठेतरी बारा टक्क्यांतून जातोच. तेव्हा एकाच जागी तीन सारखे दगड तीन खोल्यांवर पडले असतील, तर वरचा उलट रेघेत दिसेल, मधला दिसणारच नाही, आणि खालचा सुलट रेघेत दिसेल. हे ठाऊक नसलेला अर्थ लावणारा माणूस सांगेल की इथे दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि मधे काही नाही. त्या अहवालावर विसंबून मधली जागा न खणता सोडून दिली जाईल.

‘उन्हाळ्यात, सगळं कोरडं असताना सर्वेक्षण करावं’ हा सल्ला म्हणूनच अर्धाच खरा आहे. कोरड्या वाळूत लहर कमी विरते, हा फायदा. पण दगडाचा फरक क्षीण असतो, हा तोटा. ओल्या वाळूत नेमकं उलट. ओल्या वाळूची वाहकता ८ मिलिसीमेन्स धरून मी हिशेब केला, तर दोन्हींचं पारडं दीड मीटर खोलीला समसमान होतं. त्याहून उथळ दगडाला ओली वाळू बरी, त्याहून खोल दगडाला कोरडी. अधलामधला ओलावा सर्वांत वाईट. वाहकतेचा आकडा बदलला की ही दीड मीटरची रेषा वर-खाली सरकेल. पण अशी रेषा असते, आणि ती जाण्याआधी काढता येते, हे सर्वेक्षणाचा खर्च मंजूर करणाऱ्यांना माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

गैरसमज: संगणकावरचं प्रारूप म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे

वर केलेला हिशेब कागदावर होतो, कारण त्यात एक वस्तू आणि एकसंध वाळू आहे. खऱ्या जमिनीत थर असतात, ओलावा खोलीप्रमाणे बदलतो, झाडांची मुळं असतात, दगडाच्या कडांवरून लहर वळते. तिथे कागद पुरत नाही. मग जमीन संगणकात बारीक घरांत कापतात आणि प्रत्येक घरात मॅक्सवेलची समीकरणं सोडवतात. ही समीकरणं एकोणिसाव्या शतकातली. त्यांत अंदाजाला जागा नाही.

ही रीत दिली केन यी यांनी, १९६६ मध्ये. त्यांची युक्ती सोपी आणि देखणी आहे. विद्युतक्षेत्राचे घटक घराच्या कडांवर ठेवायचे आणि चुंबकीय क्षेत्राचे घटक घराच्या पृष्ठांच्या मधोमध. मग विद्युतक्षेत्रावरून अर्ध्या पावलानंतरचं चुंबकीय क्षेत्र काढायचं, त्यावरून पुढच्या अर्ध्या पावलानंतरचं विद्युतक्षेत्र, आणि असं आलटून पालटून लहर पुढे न्यायची. जीपीआरसाठी हेच करणारी ‘जीपीआरमॅक्स’ ही संगणकप्रणाली अँटोनिस जियानोपूलोस यांनी १९९६ मध्ये सुरू केली. ती सर्वांना मोफत खुली आहे. म्हैसूरच्या कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी ती आज उतरवून घेऊ शकतो.

मेहनत कुठे लागते ते पाहा. अँटेना ४०० मेगाहर्ट्झचा असला तरी त्याच्या ठोक्यात १२०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी असतात असं धरून चालावं लागतं. ३० टक्के ओलाव्याच्या वाळूत त्या लहरीची लांबी भरते सहा सेंटिमीटर. एका लांबीत निदान दहा घरं हवीत, म्हणजे घर सहा मिलिमीटरचं. तलकाडच्या वाळूचा चार मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि तीन मीटर खोल तुकडा घेतला, तर घरं होतात अकरा कोटी. लहरीने एका पावलात एका घराहून पुढे जाऊ नये, नाहीतर उत्तर फुगत फुगत निरर्थक होतं. या अटीमुळे ८० नॅनोसेकंदांचा प्रवास जवळपास सात हजार पावलांत कापावा लागतो. आणि हे सगळं पेटीच्या एका जागेसाठी. पेटी पाच पाच सेंटिमीटरने सरकवायची, तर चार मीटरांत तेवढाच हिशेब ऐंशी वेळा.

तीच वाळू कोरडी असेल, तर लहर दुपटीने लांब, घरं मोठी, आणि एकूण काम सुमारे विसाव्या हिश्श्यावर येतं. पाणी प्रत्यक्ष मैदानात जशी अडचण करतं, तशीच संगणकातही.

काम वाचवायला पुष्कळदा द्विमित प्रारूप करतात, म्हणजे रुंदी सोडूनच देतात. मग अकरा कोटी घरांच्या जागी तीन लाखांवर भागतं, साध्या लॅपटॉपवर होतं. प्रतिध्वनी कधी येईल, हे त्यातून चांगलं कळतं. पण किती जोराचा येईल, ते नाही. द्विमित जगात दगड हा रुंदीच्या दिशेने अनंत लांब खांब असतो आणि लहरही प्रत्यक्षापेक्षा कमी पसरते. ताकदीची तुलना करायची असेल, तर त्रिमित प्रारूपाला पर्याय नाही.

आणखी एक अडचण कडांची. संगणकातल्या जमिनीला कुठेतरी भिंत घालावी लागते. ती भिंत साधी ठेवली तर लहर तिच्यावर आपटून परत येते, आणि खऱ्या जमिनीत नसलेली रेघ चित्रात उगवते. १९९४ मध्ये फ्रान्सच्या जाँ-पिएर बेराँजे यांनी लहर परत न फिरवता गिळून टाकणारा थर कसा रचायचा, ते दाखवलं. त्यानंतर ही अडचण बरीच आटोक्यात आली. तरी प्रारूपाचं चित्र पाहताना पहिला प्रश्न विचारावा तो हाच: ही रेघ जमिनीतली की भिंतीची?

गैरसमज: जाळी जितकी बारीक, तितकं उत्तर खरं

घर सहा मिलिमीटरऐवजी एक मिलिमीटरचं केलं, तर गणितातली चूक घटते. मातीबद्दलचं आपलं अज्ञान मात्र तेवढंच राहतं. वाळूचा ओलावा आठ टक्के आहे की चौदा, हे माहीत नसेल, तर वर पाहिल्याप्रमाणे दगड उलट दिसेल की सुलट, हेच सांगता येणार नाही. अशा वेळी अब्जावधी घरांची जाळी विणून उपयोग नाही. एक गिरमिट घेऊन मातीचे नमुने आणणं, ते वजन करून १०५ अंशांच्या भट्टीत वाळवून पुन्हा वजन करणं, यातून त्याहून पुष्कळ जास्त कळतं. संगणकाच्या कामाला प्रतिष्ठा आणि गिरमिटाच्या कामाला ती नाही, ही गोष्ट मला खटकते.

चिकणमातीत आणखी एक गुंता आहे. तिच्या कणांना चिकटलेलं पाणी मोकळ्या पाण्यासारखं वागत नाही, आणि वेगवेगळ्या वारंवारतेला मातीचे गुणधर्म वेगवेगळे असतात. म्हणून टॉप यांचं सूत्र काळ्या जमिनीला आंधळेपणाने लावू नये. तिथे वारंवारतेप्रमाणे बदलणारं मातीचं प्रारूप लागतं. तलकाडच्या वाळूत मात्र ते सूत्र चांगलं चालावं.

गैरसमज: अपास्त दिसला म्हणजे भुयार सापडलं

दक्षिणेतल्या काय आणि आपल्याकडच्या काय, प्रत्येक जुन्या राजवाड्याला, प्रत्येक किल्ल्याला एक भुयार चिकटलेलं असतं. म्हैसूरच्या तांबड्या मातीत फसवणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. नीस झिजताना त्याचे गोलसर धोंडे मातीत जसेच्या तसे राहतात, आणि प्रत्येक धोंडा एक सुबक अपास्त देतो. झाडाचं मूळ देतं. अँटेनाला वरून नीट कवच नसेल, तर डोक्यावरची विजेची तारसुद्धा देते. तिचा अपास्त ओळखता येतो, कारण त्याच्यातून निघणारा वेग मातीचा नसून हवेचा, म्हणजे नॅनोसेकंदाला ३० सेंटिमीटर असतो.

अयोध्येत न्यायालयाच्या आदेशाने झालेल्या जीपीआर सर्वेक्षणाच्या २००३ च्या अहवालात १८४ ठिकाणी विसंगती नोंदल्या होत्या. त्या कशाच्या आहेत हे ठरवायला न्यायालयाने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला उत्खनन करायला सांगितलं, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते सुरू झालं. रडार ‘इथे काहीतरी वेगळं आहे’ एवढंच म्हणू शकतं, हे तिथे न्यायालयाने व्यवहारात मान्य केलं.

गैरसमज: प्रारूप हे सर्वेक्षण झाल्यावर अहवाल सजवायला असतं

बहुतेक वेळा तसंच होतं, आणि ते उलटं आहे. तलकाडला रडार नेण्याआधी निदान तीन गोष्टी हाती असाव्यात. पृष्ठभागापासून पाण्याच्या पातळीपर्यंत दर २५ सेंटिमीटरवर ओलाव्याचे आकडे, एकदा कोरड्या दिवसांतले आणि एकदा पावसानंतरचे. तिथल्या पडीक दगडाच्या तुकड्यावर प्रयोगशाळेत मोजलेला डायइलेक्ट्रिक स्थिरांक; मी वर धरलेला ६ हा आकडा तिथे जाऊन तपासलाच पाहिजे. आणि या दोन्हींवरून दोन-तीन अँटेनांसाठी केलेली प्रारूपं. वीट, ग्रॅनाइट, पोकळी आणि धातू, सगळं एकाच वाळूत ठेवून पाहिलेलं.

प्रारूपातून एक फार कामाची गोष्ट बाहेर येते. पोकळीतल्या हवेचा स्थिरांक १, तो वाळूच्या स्थिरांकापेक्षा नेहमीच कमी. पोकळीचा प्रतिध्वनी कोरड्या वाळूतही सुलट आणि ओल्या वाळूतही सुलट, फक्त ओल्यात अधिक जोराचा. धातूचा प्रतिध्वनी दोन्ही ऋतूंत उलटच. ग्रॅनाइट मात्र कोरड्यात उलट आणि ओल्यात सुलट. तेव्हा एकाच आखलेल्या रेषेवरून एकच पेटी दोनदा फिरवायची. एकदा फेब्रुवारीत, वाळू सर्वांत कोरडी असताना, आणि एकदा ऑक्टोबरात, पाऊस मुरलेला असताना. दुसऱ्या खेपेला लहर मंद झालेली असल्याने प्रत्येक रेघ पडद्यावर खाली सरकलेली असेल; किती सरकावी, हे प्रारूपावरून आधीच माहीत असेल. मग जी रेघ दोन्ही वेळा सुलट राहिली ती पोकळीची, जी दोन्ही वेळा उलट राहिली ती धातूची, आणि जिने मधल्या काळात दिशा बदलली, तिथे दगड आहे असं समजून फावडं पहिल्यांदा तिथे मारावं.